पाळण्याआधीची सोबत

घरातल्याच माणसांकडून होणारा बालकांचा छळ, म्हणजे मारहाण किंवा अन्न, औषधोपचार आणि देखरेखीची गंभीर हेळसांड, उघडकीस आल्यावर पोलीस आणि बालकल्याण समिती यांचे काम सुरू होते. परंतु तोवर मुलाने जे सोसायचे ते सोसलेले असते, आणि म्हणून हा छळ घडूच नये यासाठी काय करता येईल हा प्रश्न आधी विचारायला हवा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या लहान शहरात मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस या प्रश्नाचा कसोशीने शोध घेतला. पहिलटकरीण असलेल्या, बहुतांशी गरीब, अविवाहित किंवा अल्पवयीन अशा ४०० गर्भवतींची त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत विभागणी केली आणि एका गटाकडे गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत प्रशिक्षित परिचारिका घरी जात राहिली. बाळ का रडते, कशाने शांत होते, हे ती दाखवून देई; त्याचबरोबर आईचा आहार, अर्धवट सुटलेले शिक्षण, नोकरी यांचाही विचार करी आणि आजी, मैत्रीण किंवा जोडीदार यांना मदतीला घेई. उपदेशापेक्षा ही सोबतच अधिक मोलाची होती. पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीत, चौकशीअंती खऱ्या ठरलेल्या आणि आईवर ठपका असलेल्या छळाच्या वा हेळसांडीच्या नोंदी भेटी न मिळालेल्या गटात दर १०० मातांमागे ५४, तर भेटी मिळालेल्या गटात २९ आढळल्या.

मात्र ज्या घरांत स्त्रीलाच वारंवार मार खावा लागत होता, तेथे हा लाभ जवळजवळ दिसला नाही. हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे, कारण आई सुरक्षित नसेल तर तिला दिलेले पालकत्वाचे शिक्षण मुलापर्यंत पोहोचतच नाही.

महाराष्ट्राला घरभेटीची ही वाट अनोळखी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेऊन बालमृत्यू घटवले, आणि आज आशा कार्यकर्ती पहिल्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी बाळंतिणीच्या घरी जाते. तिच्या भेटीचा भर बाळाचे वजन, ताप आणि स्तनपान यांवर असतो. त्याच भेटीत आईला झोप मिळते का, घरात कोणी हात उगारते का, हेही विचारले जावे, आणि उत्तर ‘होय’ आल्यास पुढे कोणाकडे जायचे हे आशा कार्यकर्तीला ठाऊक असावे. अर्थात या जादा कामाचे प्रशिक्षण आणि मोबदला तिला मिळायलाच हवा.