खुडूक बसणारी कोंबडी हातची घालवू नका

कडकनाथ खाल्ल्याने साखर उतरते का, बाळंतिणीला कडकनाथचेच अंडे द्यावे का, हे प्रश्न वस्तीतल्या आरोग्य बैठकीत आम्हाला हमखास विचारले जातात. त्याचे उत्तर आधी देतो, मग मुद्द्यावर येतो.

कडकनाथच्या मांसात ब्रॉयलरपेक्षा चरबी कमी आणि प्रथिने जास्त असतात, एवढे खरे. त्याचा काळा रंग मेलॅनिनमुळे येतो. आपल्या केसांत आणि कातडीत असते तेच हे रंगद्रव्य, औषध नव्हे. कडकनाथ खाता म्हणून मधुमेहाची गोळी बंद करू नका. त्याचे अंडेही काळे नसते, फिकट तपकिरी असते. काळे अंडे म्हणून कोणी जादा पैसे मागत असेल तर ती सरळ फसवणूक आहे. मध्यम आकाराच्या कुठल्याही अंड्यातून साधारण ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. गावठी अंडे लहान असते, म्हणून त्यात थोडी कमी. कवच पांढरे की तपकिरी, याने पोषणात फरक पडत नाही. (काळी कोंबडी उताऱ्यासाठी शोधत फिरणारे अजून आहेत. त्यांना आपल्या दारातून परत पाठवा.)

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर भागातला. भिल्ल, भिलाला आदिवासींनी तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आणि २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले तसा धंदाही झाला. आपल्याकडे २०१९ मध्ये इस्लामपूर परिसरात कडकनाथच्या करारात शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले, ते सर्वांनी वाचले आहे. पण महाराष्ट्राची स्वतःची म्हणावी अशी एक जात आहे, तिचे नावही पुष्कळांनी ऐकलेले नसते. ती म्हणजे बुसरा. नंदुरबार, धुळे आणि लगतच्या गुजरातमधल्या आदिवासी घरांत ही कोंबडी असते. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची देशी जात म्हणून नोंद केली आहे. अंगाने लहान, बहुधा पांढरी, मान-पाठ-शेपटीवर काळी पिसे, पंखांवर तांबूस झाक. वर्षाला अंडी देते साधारण पन्नासच्या आसपास.

पन्नास अंडी ऐकून बायका हसतात. अंड्यांच्या कारखान्यातली कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात जाते. मग ही कशाला पाळायची?

कारण ही खुडूक बसते. दहा-बारा अंडी घातली की ती रवणावर बसते, २१ दिवस ऊब देते, पिले काढते, घारीपासून वाचवते, उकिरडा उकरून किडे खायला शिकवते. त्या काळात अंडी बंद असतात, म्हणून वर्षाचा आकडा लहान दिसतो. कारखान्यातल्या जातींमधला हा गुण माणसाने निवड करून काढून टाकला आहे. तिथे पिले यंत्रातून निघतात. परसात वाटल्या जाणाऱ्या वनराज, गिरिराज या सुधारित कोंबड्या अंडी जास्त देतात, त्यांना आमचा विरोध नाही. पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. चार जणी मेल्या की पुन्हा पिले विकत आणायची. ज्या घरात महिन्याच्या शेवटी तेलाची बाटली रिकामी असते, तिथे ही खरेदी होत नाही आणि मुलांच्या ताटातले अंडे तिथेच थांबते. शिवाय सुधारित कोंबडा गावठी कोंबड्यांत मोकळा सोडला की दोन-तीन पिढ्यांत मूळ जात ओळखू येत नाही, आणि खुडूक बसण्याचा गुणही पातळ होतो.

म्हणून जात टिकते ती कोंबडा कोणता ठेवला यावर. आपल्याकडे सणाला, पाहुण्याला, अडचणीला सर्वांत देखणा, वजनदार कोंबडा आधी जातो आणि मागे राहिलेला किरकोळ पिलांचा बाप होतो. उलटे करा. उत्तम कोंबडा राखा, बाकीचे विका. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. दर वर्ष-दोन वर्षांनी तो दुसऱ्या वस्तीतल्या त्याच जातीच्या कोंबड्याशी बदला, नाहीतर बाप-लेकी, भाऊ-बहिणीच एकत्र येऊन पिले नाजूक निपजतात.

दुसरा घात मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. हा रोग खुराडी दोन दिवसांत रिकामी करतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पिलू पाच-सात दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे दोन महिन्यांच्या सुमारास आरटूबीचे टोचण. अडचण अशी की कुपी शंभर कोंबड्यांची असते आणि एकदा फोडली की बर्फात ठेवूनही दोन तासांत संपवावी लागते. पोलिओच्या लशीमागे बर्फाचा डबा घेऊन धावणाऱ्या आम्हा परिचारिकांना हे नवे नाही. एकट्या घराला ते परवडत नाही. महिला मंडळाने दिवस ठरवावा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणावी आणि सकाळच्या गारव्यात, डालगी उघडण्यापूर्वी सगळ्या वस्तीचे उरकावे. आजारी कोंबडीला लस देऊ नये.

कोंबड्या निजायच्या खोलीत नकोत. खुराडे घराबाहेर, जमिनीपासून उंच, घूस-मुंगसाला दाद न देणारे हवे. विष्ठा रोज काढावी, हात साबणाने धुवावेत, रांगत्या बाळाला तिथे सोडू नये. अंडे कच्चे पिऊ नका, पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. आणि अंडे घरात आले की ते आधी कमावत्या पुरुषाच्या ताटात जाते, हे आम्ही घरोघर पाहतो. गरोदर बाईचे आणि वर्षाच्या आतबाहेरच्या बाळाचे अंडे आधी बाजूला काढा, मग विका.

२००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नवापुरात, नंदुरबार जिल्ह्यातच. तेव्हा त्या भागातले लाखो पक्षी मारावे लागले. बुसराच्या मुलखातच हे घडले. त्यामुळे एकाच वेळी पुष्कळ कोंबड्या पटापट मेल्या तर त्या कापून खाऊ नका, घाईने विकूनही टाकू नका, नाल्यात फेकू नका. उघड्या हातांनी शिवू नका, मुलांना लांब ठेवा, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि त्या घरात कोणाला ताप-खोकला आला, तर कोंबड्या मेल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा.