निर्णयसागरी टाइपाचें वळण व त्र्यंबकेश्वरींच्या छापील पोथ्या

हस्तलिखितांच्या शोधार्थ त्र्यंबकेश्वरीं जाणारा संग्राहक तीर्थोपाध्यायांच्या घरीं दप्तर सोडून बसला, कीं हातच्या पोथ्या व यजमानांच्या वंशावळीच्या वह्या तेवढ्या निवडतो आणि छापील पोथ्या बाजूस सारतो. आमच्या मतें ही चूक आहे. बोरूच्या लेखनपरंपरेचा पुढील अध्याय त्या छापील अक्षरांतच आहे. तो कसा वाचावा, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

रोमन लिपींत जाड व बारीक रेघांचा तीव्र विरोध आणि टोंकांस केसासारखी आडवी रेघ, असें डौलदार वळण पार्म्याचा बोदोनी (१७४०–१८१३) व पॅरिसचें दिदो घराणें यांनीं पूर्णत्वास नेलें. नागरीतील जाड-बारीकपणा निराळा. तो बोरूच्या तिरप्या कापापासून उपजतो. हा काप रोमन लेखणीच्या उलट बाजूस असल्यामुळें तेथें जी तिरपी रेघ जाड, ती येथें बारीक होते. म्हणून रोमन टाइपाच्या अनुकरणानें नागरी अक्षर साधत नाहीं. आधीं बोरू जाणावा लागतो.

मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढिलें. शिळाछापांत लेखकाचें अक्षरच कागदावर उतरे. पुढें अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं नागरी टाइप सुधारिला. तेथेंच जावजी दादाजी (१८३९–१८९२) लहानपणीं कामास लागले. त्यांनीं १८६४ त टाइप पाडण्याचा कारखाना व १८६९ त निर्णयसागर छापखाना काढिला. राणोजी रावजी आरू यांनीं त्यासाठीं पोलादी ठसे कापिले. असा ठसा तांब्यांत ठोकून साचा होई व साच्यांत शिशाचा मिश्र रस ओतून खिळा पडे. जोडाक्षरांमुळें असे शेंकडों खिळे लागत. तरी सर्वांत बोरूचें एकच वळण राखिलें गेलें, हीच आरूंची थोरवी. संस्कृत ग्रंथांस हें अक्षर मानवलें; १८८६ पासून निघालेली काव्यमाला याची साक्ष देते.

आतां परीक्षेच्या खुणा. हस्तलिखितांत बोरू शाईंत बुडविल्यावर अक्षर गडद व पुढें फिकें होत जातें. शिळाछापांत शाई सारखी, परंतु एकाच पानावरील दोन ‘क’ तंतोतंत जुळत नाहींत. खिळ्यांच्या छपाईंत ते जुळतात; शिरोरेषेंत सांध्यांच्या बारीक फटी दिसतात, व पानाच्या पाठीमागें बोट फिरविलें असतां पुष्कळदां दाब लागतो. खिळे झिजले म्हणजे बारीक रेघा आधीं तुटतात. म्हणून एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींपैकीं रेघा शाबूत असलेली बहुधा आधींची समजावी. मात्र शाई व कागद सारखे आहेत कीं नाहींत, हें पाहिल्यावांचून निर्णय देऊं नये.

नानासाहेब पेशव्यांनीं बांधविलेल्या देवालयाच्या या क्षेत्रीं नारायणनागबळीसारखे विधि आजहि चालतात. सुट्या पानांची, मोठ्या अक्षरांची पोथी समोर ठेविली असतां आसनावरून वाचितां येते. वापरानें तिचीं पानें फाटतात, व फाटलेली पोथी गंगार्पण होते. तिच्या समासांत आजोबा-पणजोबांनीं हातानें घातलेले पाठभेद व विधीच्या सूचनाहि तिजबरोबर जातात. तीं दुसऱ्या कोणत्याहि प्रतींत मिळणार नाहींत. तेव्हां संग्राहकांनीं दप्तर पुन्हां बांधण्यापूर्वीं बाजूस सारलेल्या पोथ्या एकदां उघडून पाहाव्या, इतकीच आमची विनंति आहे.