डब्यातले जग

माण हे मुळशी तालुक्यातील गाव. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान त्याच्या शिवारापर्यंत पसरले आहे. पलीकडे चाकणला जर्मन मोटारींचे आणि जपानी टायरचे कारखाने उभे आहेत. अशा गावातील प्राथमिक शाळेत देशोदेशींच्या संस्कृती शिकवाव्यात, हे ओघानेच येते. परंतु बहुधा हा विषय वेशभूषा, ध्वज आणि एका दिवसाचे प्रदर्शन यांतच आटोपतो. कागदी किमोनो दुसऱ्या दिवशी अडगळीत जातो.

मुलाला जग प्रथम भेटते ते मधल्या सुट्टीत, शेजारच्या डब्यात. आणि येथेच आपल्या घरांची खरी अडचण आहे. ‘आपण हे खात नाही’ एवढे सांगून आपण थांबतो; कारण सांगत नाही. मग मूल ‘शी!’ म्हणून नाक मुरडते आणि आपल्याला तो धर्मसंस्कार वाटतो. वस्तुतः ती केवळ किळस असते. उद्या शिक्षणासाठी वा व्यापारासाठी परदेशी गेल्यावर किळस सवयीने ओसरते, आणि तिच्याबरोबर नियमही सुटतो.

याउलट, जपानमधील बौद्ध मठांचा ‘शोजिन र्योरी’ हा आहार मुलांना सांगून पाहावा. त्यात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. मुले हरखतात. मग सांगावे की कमळकाकडी आणि मुळा मात्र त्यात चालतो. असे का? तेथे उग्र, मन विचलित करणाऱ्या भाज्या वर्ज्य आहेत. आपण जमिनीखालील कंदात अनंतकाय जीव मानतो म्हणून तो वर्ज्य करतो. ही तुलना करताना मुलाला आपला नियम बहुधा पहिल्यांदाच नीट उमगतो. सामान्य जपानी घरात मासे रोजचे असतात, हेही लपवू नये. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी व शुक्रवारी उपवास करतात. त्यात मांस, अंडी आणि दूधदेखील वर्ज्य. आपल्या उपवासांशी त्याचे साम्य कोठे, भेद कोठे, हे मुलांनाच शोधू द्यावे.

यासाठी मोठी साधने लागतात असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी संगणकाच्या पडद्यावरून मुलांची इतर देशांतील वर्गांशी गाठ घालून दिली. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपल्या व्यापारी समाजाला हा हिशेब मुद्दाम सांगावासा वाटतो!

आपल्याकडे तर घरचीच माणसे आहेत. मोत्यांच्या व्यापारासाठी कोबेला गेलेल्या जैन कुटुंबांनी तेथे १९८५ मध्ये मंदिर उभारले. हिऱ्यांच्या निमित्ताने अँटवर्पला गेलेल्यांनीही उभारले. अशा एखाद्या नातलगाला पाठशाळेच्या वेळेत फोन लावावा. मंदिराची माहिती तो आपण होऊन देईल. मुलांनी मात्र विचारावे, की शेजारी काय खातात, त्यांच्याकडे जेवायला बोलावले तर तुम्ही काय सांगता, आणि ते तुम्हाला काय विचारतात.