छाती सोमवारी मोजावी

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. वेतनाची व्याख्या, ग्रॅच्युइटी, संपाची नोटीस यांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. एका तरतुदीकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची, अशी ती तरतूद आहे. तिचे स्वागतच करायला हवे. प्रश्न एवढाच, की त्या तपासणीत काय तपासणार?

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, छातीचा एक एक्स-रे, असे ठरावीक पॅकेज बँकेतल्या कारकुनालाही चालते आणि सूतगिरणीत वीस वर्षे कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग मशीनवर उभ्या असलेल्या कामगारालाही. दोघांच्याही मधुमेहाचा पत्ता त्यातून लागेल. पण दुसऱ्याच्या फुप्फुसात जे चालले आहे, ते या पॅकेजच्या जाळ्यातून बहुधा निसटून जाईल. कामामुळे होणारा आजार पकडायचा तर काय मोजायचे, कधी मोजायचे आणि आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यातला ‘कधी’ हा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे, आणि त्याचा इतिहास फार सुंदर आहे.

तो सुरू होतो बेल्जियममधल्या गेंट शहरात. १८४५ मध्ये मारेस्का आणि हेमन या दोन डॉक्टरांनी तिथल्या कापूस गिरण्यांमधल्या कामगारांची पाहणी केली. कामगारांनी त्यांना एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. गिरणीतल्या धुळीचा त्रास सोमवार-मंगळवारी जास्त होतो आणि आठवडा सरत येतो तसा कमी होतो. चमत्कारिक अशासाठी, की विषाचा हिशेब उलटा असायला हवा. सहा दिवस धूळ छातीत गेल्यावर शनिवारी दम लागावा आणि रविवारच्या विश्रांतीने सोमवारी माणूस ताजातवाना असावा. इथे सुट्टी घेऊन आलेला माणूसच धापा टाकत होता. त्या दोघांनी कामगारांचे म्हणणे खुळचट समजून सोडून दिले नाही, लिहून ठेवले. वैद्यकशास्त्रावर त्यांचे हे मोठे ऋण आहे.

शंभरेक वर्षांनी इंग्लंडमध्ये लँकेशरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग यांनी याच तक्रारीला मोजमापाचे रूप दिले. प्रत्येक कामगाराला ते ठरलेले प्रश्न विचारत. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते का? कधीमधी, की दर आठवड्याला? पहिल्याच दिवशी, की इतर दिवशीही? या उत्तरांवरून त्यांनी ‘बिसिनोसिस’ या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. सुरुवातीला फक्त सोमवारी छाती जड होते. पुढे मंगळवार, बुधवारही त्यात ओढले जातात. शेवटच्या पायरीवर सगळे वार सारखेच होतात, आणि मग गिरणी सोडली तरी दम जात नाही. म्हणजे आजार परतवता येण्याजोगा असतो, तेव्हा तो आठवड्यातून एकच दिवस तोंड दाखवतो. तपासणीचे पथक गुरुवारी गिरणीत पोहोचले, तर त्याच्या हाती काही लागत नाही.

असे का होते? कापसाचा तंतू स्वतः फारसा दोषी नाही. बोंडाभोवतीच्या पानांचा चुरा कापसाबरोबर गिरणीत येतो आणि त्यावर जिवाणू वाढलेले असतात. त्यांच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ श्वासावाटे आत गेला, की श्वासनलिका आकसतात. १९८७ मध्ये कॅस्टेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना प्रयोगासाठी उभारलेल्या कार्डिंग खात्यात बसवून हे दाखवले. त्यांच्या श्वासाची घट धुळीच्या वजनापेक्षा धुळीतल्या एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी अधिक जुळत होती. रोज मारा होत राहिला, की शरीराची प्रतिक्रिया बोथट होत जाते. रेल्वेरुळालगतच्या चाळीत राहणाऱ्याला रात्रीची लोकल ऐकू येत नाही, पण गणपतीला गावी जाऊन आला की पहिल्या रात्री तीच लोकल त्याला जागे करते. तसेच काहीसे इथे घडते. सुट्टीत शरीराची सवय मोडते आणि सोमवारी खरी प्रतिक्रिया उघडी पडते. मधल्या दिवसांत त्रास जाणवत नाही, इजा मात्र चालूच असते.

सोमवारचे हे गणित एकट्या कापसाचे नाही. पितळेच्या ओतशाळेत जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. हा तापही सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो. डायनामाइटच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्यांचे डोके सोमवारी फुटायची वेळ येई आणि दोन-तीन दिवसांत ते शांत होई. सवय मोडू नये म्हणून काही कामगार सुट्टीच्या दिवशी टोपीच्या आतल्या पट्टीला त्या रसायनाचा जरासा हात लावून ठेवत! वैद्यकाच्या पुस्तकात शिरण्याआधी हे ज्ञान कामगारांनी आपल्या अंगावर कमावलेले होते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. आकडा ताडायचा कशाशी? इथे मला जॉन हचिन्सन या माणसाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. स्पायरोमीटर हे यंत्र त्यांचे. फुप्फुसे भरून घ्यायची, नळीत जोर लावून फुंकायचे आणि किती हवा बाहेर आली ते मोजायचे. दोन हजारांहून अधिक माणसांना फुंकायला लावून त्यांनी १८४६ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. उंचीबरोबर फुप्फुसांची क्षमता वाढते आणि वयाबरोबर घटते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. पुढे १८५२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि १८६१ मध्ये दूर फिजी बेटांवर वारले. आज प्रत्येक छातीच्या दवाखान्यात त्यांच्या यंत्राचे वंशज आहेत, पण त्यांचे नाव डॉक्टरांनाही क्वचितच आठवते. लेनेकच्या स्टेथोस्कोपला मिळालेल्या कीर्तीचा चौथा हिस्साही हचिन्सन यांच्या वाट्याला आला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

त्यांच्या प्रबंधातली एक हकिकत तर प्रत्येक कारखान्याच्या दवाखान्यात लावून ठेवावी अशी आहे. १८४२ मध्ये फ्रीमन नावाचा जवळजवळ सात फूट उंचीचा अमेरिकन मुष्टियोद्धा लढतीसाठी इंग्लंडला आला. हचिन्सन यांनी त्याची छाती मोजली. एका दमात त्याने ४३४ घन इंच, म्हणजे सुमारे सात लिटर हवा बाहेर टाकली. दोन वर्षांनी तो बरे वाटत नाही म्हणून पुन्हा आला. या वेळी आकडा ३९० आला, कधी ३४०. हचिन्सन त्याला स्टेथोस्कोपात मुरलेल्या दोन डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोघांनी छाती ऐकली आणि आजार काही दिसत नाही असे सांगितले. पुढच्या वर्षी, १८४५ मध्ये, फ्रीमन क्षयाने मरण पावला.

आजारी फ्रीमनचा ३४० हा आकडासुद्धा साध्या निरोगी माणसापेक्षा कितीतरी मोठा होता. सरासरीशी ताडला असता तर शेरा ‘उत्तम’ असाच पडला असता. घसरण कळली ती फ्रीमनला फ्रीमनशीच ताडल्यामुळे, आणि ते जमले ते धडधाकट असतानाची नोंद हाताशी होती म्हणून. कामगारांच्या तपासणीचे सगळे शास्त्र या एका हकिकतीत आहे.

सोमवार आणि स्पायरोमीटर यांची पक्की गाठ पडली ती अमेरिकेत. तिथले गिरणीमालक अनेक वर्षे आपल्या देशात बिसिनोसिस हा आजारच नाही असे सांगत होते. येल विद्यापीठातले डच डॉक्टर आरेंड बाउहाउस यांना खासगी गिरण्यांचे दरवाजे उघडेनात, तेव्हा त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातली कापूस गिरणी गाठली आणि कैद्यांच्या छात्या मोजल्या. आजार तिथे होता. अखेर १९७८ मध्ये अमेरिकेने कापसाच्या धुळीचा नियम केला. सूत काढणाऱ्या खात्यांत हवेच्या घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त धूळ नको, ही झाली मर्यादा. आणि तपासणीचे कलम वाचताना गेंटच्या कामगारांचे म्हणणे सव्वाशेहून अधिक वर्षे ओलांडून कायद्यात उतरल्यासारखे वाटते. कामाच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, त्याआधी किमान ३५ तास धुळीपासून दूर राहिल्यावर, पाळी सुरू होण्यापूर्वी फुंकायचे. मग पाळी सुरू झाल्यापासून ४ ते १० तासांच्या आत पुन्हा फुंकायचे. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा सकाळपेक्षा ५ टक्के किंवा २०० मिलिलिटर घटली, तर त्या कामगाराची तपासणी दर सहा महिन्यांनी करायची.

हे ज्ञान परदेशातच राहिले असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणगावातल्या कामगारांचा पाच वर्षे मागोवा घेतला. बिसिनोसिस आणि एरवीचा जुनाट दमा-खोकला एकमेकांपासून वेगळे कसे ओळखायचे, यावरचा त्यांचा निबंध १९८१ मध्ये अमेरिकेतल्या श्वसनविकारांच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. १९९५ मध्ये डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या एका गिरणीतल्या बिसिनोसिसचा अभ्यास प्रसिद्ध केला. गिरण्यांच्या जमिनींवर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. गिरण्यांतल्या फुप्फुसांवर झालेले हे काम मात्र मराठी वाचकापर्यंत पोहोचलेच नाही.

आज कापूस इचलकरंजी-सोलापूरकडच्या सूतगिरण्यांत आहे, खानदेश-विदर्भातल्या जिनिंगमध्ये आहे. तिथे तपासणी करणाऱ्याने आधी एक साधी चौकशी करावी: इथली साप्ताहिक सुट्टी कधी असते? पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात ती गुरुवारी असते, म्हणजे तिथला ‘सोमवार’ शुक्रवारी उगवतो. जिनिंगचा हंगाम तर काही महिन्यांचाच. तिथल्या हंगामी मजुराची मोजणी पहिली गाडी रिकामी होण्याआधी झाली पाहिजे, नाहीतर ती कधीच होणार नाही.

वेळेचे हे भान इतर धंद्यांतही तितकेच लागते. गोंगाटात काम करणाऱ्याचे कान पाळी संपताच तपासले, तर तात्पुरता बधिरपणा आणि कायमचे नुकसान यांत फरक करता येत नाही. म्हणून पहिली श्रवणचाचणी १४ तासांच्या शांततेनंतर घ्यायची असते. कीटकनाशकांचे उदाहरण तर आपल्या उंबरठ्यावरचे आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना २० हून अधिक जणांचा जीव गेला. फवारणीतल्या अनेक विषांचा परिणाम रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकरावर होतो. त्याची पातळी निरोगी माणसांतही इतकी वेगवेगळी असते, की हंगामापूर्वीची स्वतःची नोंद नसेल तर हंगामातल्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण जाते. कॅलिफोर्नियात अशी विषे नियमित हाताळणाऱ्यांची हंगामापूर्वीची नोंद १९७४ पासून सक्तीची आहे. आपल्याकडे फवारणीच्या मजुराला पंप मिळतो, नोंद मिळत नाही.

म्हणूनच चाळिशीची अट मला खटकते. विसाव्या वर्षी खात्यात शिरलेल्या मुलाची पहिली नोंद चाळिसाव्या वर्षी होणार असेल, तर ती त्याच्या बिघडलेल्या छातीची असेल आणि पुढची प्रत्येक तुलना त्या बिघाडाशी होईल. साखर आणि रक्तदाब शोधायला चाळिशी योग्य आहे. धूळ, गोंगाट आणि विष यांना वय कळत नाही. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातलेल्या ४१सी कलमाला हे समजले होते. धोकादायक प्रक्रियेवर नेमण्यापूर्वी तपासणी, काम चालू असताना आणि ते सोडल्यावरही जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने पुन्हा, आणि आरोग्याची नोंद कामगाराला पाहता येईल अशी, हे सगळे त्यात होते. भोपाळच्या वायुगळतीनंतर सुचलेले हे शहाणपण धोक्याच्या प्रत्येक कामाला लागू व्हावे.

आणखी एक अडथळा कोणत्याही यंत्राने दूर होत नाही. ‘अनफिट’ शेरा पडला की रोजगार जातो, ही भीती असेल तर कामगार खोकला दाबून ठेवणार, सोमवारचा त्रास सांगणार नाही, पोटासाठी खोटे बोलणार. त्याला दोष देता येत नाही. शिशाबाबतच्या १९७८ च्या अमेरिकी नियमात यावर उपाय आहे. रक्तातले शिसे वाढलेल्या कामगाराला त्या कामावरून दूर करायचे, पण १८ महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता शाबूत ठेवायची. असे संरक्षण असेल तरच माणूस डॉक्टरसमोर खरे बोलतो.

आणि आकडा घसरलेला दिसला की पुढे काय? कामगाराला गोळ्या देऊन त्याच खात्यात परत पाठवायचे असेल, तर तपासणी ही केवळ नुकसानीची नोंदवही ठरेल. घसरलेली एक छाती म्हणजे त्या खात्याच्या हवेबद्दलची तक्रार समजावी. धूळ ओढणारे पंखे तपासावेत, यंत्राला झाकण बसवावे, शेजारच्या दहा जणांना त्याच आठवड्यात फुंकायला लावावे.

पुढच्या वेळी कंपनीत तपासणीची गाडी येईल, तेव्हा कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. माझ्या कामातल्या धोक्याशी जुळणारी चाचणी. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, पाळीच्या आधी आणि नंतर मोजणी. आणि कामावर लागल्या दिवसापासूनच्या सगळ्या आकड्यांची प्रत माझ्या हातात. गिरणी बंद पडते, ठेकेदार बदलतो, दवाखान्यातले कपाट भंगारात जाते. तो कागद कामगाराच्या घरी असला, तर पंधरा वर्षांनी भरपाई मागताना त्याच्या शब्दाला पुरावा असेल.