टेबलावरचा ‘फिश’: ऑनलाइन पोकरमधला दुबळ्यांचा शोध

ऑनलाइन पोकरमध्ये सातत्याने जिंकणारा खेळाडू चांगल्या पानांपेक्षा दुबळ्या प्रतिस्पर्ध्याच्या शोधात अधिक असतो. कारण सरळ हिशेबाचे आहे. पोकरमध्ये कोणी कंपनीविरुद्ध खेळत नाही. खेळाडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि कंपनी डावातल्या रकमेतून ‘रेक’ म्हणजे आपला वाटा काढून घेते. त्यामुळे टेबलावर सगळ्यांनी मिळून जेवढे पैसे आणलेले असतात, त्याहून कमीच पैसे घेऊन सगळे उठतात. सारख्या तयारीचे सहा जण रोज एकमेकांशी खेळत राहिले, तर कालांतराने सहाही जण रेकपायी तोट्यात जातील. कोणाला फायदा व्हायचा असेल, तर वारंवार चुका करणारा कोणीतरी तिथे बसलेला हवा. पोकरच्या बोलीत त्याला ‘फिश’ म्हणतात.

त्याची मुख्य खूण म्हणजे तो फार डाव खेळतो आणि पैसे वाढवण्याऐवजी नुसती बरोबरी करत राहतो. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मध्यभागी पाच पाने सर्वांसाठी उघडली जातात. 52 पानांतून दोन पाने 1326 प्रकारांनी येऊ शकतात. दोन एक्के त्यांतल्या फक्त सहा प्रकारांनी येतात, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. कसलेला खेळाडू सहा जणांच्या टेबलावर साधारण पाचातले चार किंवा चारातले तीन डाव सुरुवातीलाच सोडून देतो. दिवाळीत घरच्यांबरोबर तीन पत्ती खेळून मोठा झालेला माणूस एवढा धीर धरू शकत नाही. तीन पत्तीत ‘ब्लाइंड’ चाल आणि ‘शो’ मागण्यातच गंमत असते. ती सवय पोकरमध्ये आली की पाने पाहण्याच्या उत्सुकतेपायी पैसे जात राहतात.

घरगुती टेबलावर अशी सवय ओळखायला नजर लागते. ऑनलाइन खेळात ते काम संगणकाने घेतले. ‘पोकरट्रॅकर’, ‘होल्डेम मॅनेजर’ यांसारखी सॉफ्टवेअर प्रत्येक डावाची नोंद साठवतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी त्याचे आकडे पडद्यावर दाखवतात. या दर्शक पट्टीला ‘हड’ म्हणतात. त्यातला पहिला आकडा ‘व्हीपीआयपी’, म्हणजे शंभरातल्या किती डावांत खेळाडूने स्वतःहून पैसे लावले. दुसरा ‘पीएफआर’, म्हणजे मधली पाने उघडण्याआधी किती वेळा बोली वाढवली. 24 आणि 20 असे आकडे शिस्त दाखवतात. 48 आणि 6 हे आकडे दिसले, की जवळजवळ निम्मे डाव खेळणारा पण क्वचितच पुढाकार घेणारा माणूस समोर आहे, हे कळते. त्याच्या नावावर रंगीत खूण केली जाते आणि तो पुन्हा कधी, कोणत्या टेबलावर येतो यावर लक्ष ठेवले जाते.

या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा, हा खरा कौशल्याचा भाग. कोणी 20 पैकी 10 डाव खेळला, तर त्याचा आकडा 50 दिसतो. पण एवढ्या थोड्या नोंदींवर खरा आकडा 28 ते 72 यांमध्ये कुठेही असू शकतो. त्या वेळी कदाचित त्याला पानेच चांगली लागलेली असतात. 400 डावांनंतर हीच अनिश्चितता दोन्ही बाजूंना पाचेक अंकांवर येते. क्वचित घडणाऱ्या गोष्टींचे आकडे, उदाहरणार्थ दुसऱ्याने वाढवलेली बोली पुन्हा वाढवण्याचे प्रमाण, याहून किती तरी जास्त नोंदी मागतात. घाईने ‘फिश’ ठरवलेला खेळाडूच पुष्कळदा समोरच्याचा खिसा रिकामा करतो.

दुबळा सापडल्यावर त्याच्या डाव्या हाताची खुर्ची पकडली जाते. खेळ घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून तिथे बसणाऱ्याला त्याची चाल पाहून आपली ठरवता येते. पुढे ही खुर्ची आपोआप पटकावणारे प्रोग्रॅमही निघाले. नवख्याने बसावे, चार जणांनी त्याच्याभोवती कोंडाळे करावे आणि तो उठताच टेबल ओस पडावे, असे होऊ लागले. ही शिकार होती, खेळ नव्हे. नवखे लवकर हरून निघून जातात हे कंपन्यांच्याही लक्षात आले. पार्टीपोकरने 2019 मध्ये हडवर बंदी घालून खेळाडूंना टेबलावरचे नाव बदलायला लावले. काही संकेतस्थळांनी निनावी टेबले सुरू केली.

भारतात अड्डा52, पोकरबाझी यांसारखी संकेतस्थळे वाढली. गोव्यात मांडवीवर तरंगते कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पने अड्डा52 आपल्याकडे घेतले, तर मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीजने 2024 मध्ये पोकरबाझीच्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. पोकर कौशल्याचा की नशिबाचा, यावर न्यायालयांचे एकमत नव्हते. 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो. त्याच कायद्याचा वारसा असलेल्या गुजरातमध्ये उच्च न्यायालयाने 2017 मध्ये पोकरला ती सूट नाकारली. कौशल्य पोकरमध्ये निश्चित आहे. पण त्या कौशल्याचा मोठा भाग म्हणजे अननुभवी माणूस हेरणे, ही गोष्ट जाहिरातींनी कधी सांगितली नाही. भिवंडी तालुक्यातल्या अंबाडी नाक्यावर वाड्याच्या गाडीची वाट पाहत कोणी मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळला, तर त्याच्या छोट्या पडद्यावर कोणाचेही आकडे नसतात. त्याचे मात्र इतर कोणाच्या संगणकावर नोंदले जात असू शकतात.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्यासाठी शिक्षा नाही. त्यानंतर मोठ्या भारतीय कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. परदेशातून चालणाऱ्या बेकायदा ॲपचा धोका मात्र उरला आहे. अशा ॲपवर फसवणूक झाली, तर 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. खेळाचे व्यसन सुटत नसेल, तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.