घरचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प : इफेक्ट्स लूप आणि जॅकमधली पत्ती

या आठवड्यात स्प्रिंग रिव्हर्ब घ्यायचा ठरला होता. तो लांबणीवर टाकतोय. सांगलीहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्याही आधी सोडवायला हवा. त्यांनी आपला अ‍ॅम्प बांधला, चालला, मग हौसेने डिले पेडल आणून गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावलं. गेन कमी असेपर्यंत छान वाजतं, गेन चढवला की सगळ्याचा नुसता गिचमिडा. पेडल खराब निघालं का, असं ते विचारतात.

पेडल ठणठणीत आहे, फक्त चुकीच्या जागी बसलंय. डिले मूळ सुराच्या मागोमाग त्याचे फिके प्रतिध्वनी पाठवतो. गेन चढवला की आपल्या पहिल्या दोन ट्रायोडमध्ये सिग्नल वरून-खालून छाटला जातो, आणि छाटताना मोठं दबतं, लहान वर येतं. फिका राहायला हवा तो प्रतिध्वनी सुराच्या बरोबरीने येऊन बसतो. शिवाय दोन्ही एकत्र छाटले गेल्यामुळे त्यांच्यातून तिसरेच, कुणी न वाजवलेले स्वर निघतात. शाई ओली असताना कागदावरून हात फिरवावा, तसं ते ऐकू येतं. तेव्हा सूर आधी फाटू द्यायचा आणि प्रतिध्वनी नंतर जोडायचा. प्रीअ‍ॅम्प संपला की सिग्नल बाहेर काढायचा, पेडलमधून फिरवून फेज इन्व्हर्टरच्या आधी परत आत घ्यायचा. बाहेर जाणारा जॅक सेंड, परत आणणारा रिटर्न, आणि ही सगळी फेरी म्हणजे इफेक्ट्स लूप. डिले, रिव्हर्ब, कोरस इथे शोभतात; वावा, ओव्हरड्राइव्ह, कॉम्प्रेसर गिटारजवळच राहू द्या.

दोन भोकं पाडून दोन जॅक बसवले की झालं, असं वाटेल. तसं करणारे भेटतात, आणि मग पेडल गुदमरल्यासारखं वाजतं म्हणून तक्रारही करतात. गिटारमधून साधारण काही शे मिलिव्होल्ट येतात आणि पेडल तेवढ्यासाठीच बनलेलं असतं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर. आपल्या टोन कंट्रोलनंतर गेन पिळला तर दहा-वीस व्होल्ट सहज असतात. दुसरी अडचण इम्पीडन्सची. टोन कंट्रोलचा आउटपुट इम्पीडन्स लाखभर ओहमच्या आसपास धरा. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो; जाऊन-येऊन सहा मीटर केबल पडली तर ६०० पिकोफॅरड. हिशेब केलात तर २६५० हर्ट्‌झच्या वरचं सगळं उतरणीला लागतं. म्हणजे गिटारची धार गेलीच.

गंमत अशी की दोन्ही अडचणींवर औषध एकच आहे, आणि ते दोन रेझिस्टरचं. सिग्नलच्या वाटेत ४७० किलो-ओहम, तिथून जमिनीला १० किलो-ओहम, आणि सेंड जॅक त्या दोघांच्या मधल्या सांध्यावर. सिग्नल अठ्ठेचाळीसपट खाली येतो, म्हणजे वीस व्होल्टचे चारशे मिलिव्होल्ट होतात, अगदी गिटारसारखे. आणि केबलला आता समोर लाखभर ओहम दिसत नाहीत, जेमतेम दहा हजार दिसतात. त्यामुळे ती उतरण २६ हजार हर्ट्‌झच्या पुढे जाते, माणसाच्या कानापलीकडे.

खाली आणलेलं परत वर न्यायला रिटर्नच्या मागे एक ट्रायोड हवा. अर्धा ईसीसी ८३ पुरतो. अ‍ॅनोडला १०० किलो-ओहम, कॅथोडला दीड किलो-ओहम आणि त्यावर २२ मायक्रोफॅरड दिला, की गेन पन्नास-साठच्या घरात येतो. अठ्ठेचाळीसने भागलेलं जवळपास तेवढ्यानेच गुणलं जातं. ग्रिडला एक मेगओहम जमिनीकडे, अ‍ॅनोडवरून पुढे जाताना ०.०२२ मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा कपॅसिटर, आणि मग नेहमीचा मास्टर व्हॉल्यूम. ज्यांच्याकडे अर्धा व्हॉल्व्ह रिकामा नाही त्यांना नवीन सॉकेट बसवावा लागेल. त्यांनी ट्रान्सफॉर्मरची ६.३ व्होल्टची बाजू आणखी ०.३ अँपिअर सोसते का, ते आधी बघावं.

सेंडला नुसते रेझिस्टर नकोत, कॅथोड फॉलोअर (कॅथोडवरून कमी इम्पीडन्सचा सिग्नल देणारा ट्रायोड) हवाच, असा आग्रह धरणारे आहेत आणि त्यांच्या बाजूला मोठं नाव आहे. लॉस एंजेलिसचा हॉवर्ड डंबल, २०२२ साली वारला. हाताने अ‍ॅम्प बांधायचा आणि आतली सर्किटं कुणी चोरू नयेत म्हणून त्यांवर इपॉक्सी ओतायचा. गिटारवादक रॉबेन फोर्ड आणि लॅरी कार्लटन ज्यावर वाजवायचे त्या त्याच्या ओव्हरड्राइव्ह स्पेशल अ‍ॅम्पमध्ये लूपचे जॅक होते, पण सिग्नल पेडलजोगा करण्याची सोय नव्हती. त्यासाठी त्याने डंबलेटर नावाची वेगळी पेटीच काढली. तिच्यात सेंडला कॅथोड फॉलोअर, रिटर्नला गेनचा ट्रायोड आणि पातळी जुळवायला नॉब. स्टेजवर लांबलचक केबल ओढायच्या असतील तर डंबलचंच ऐकावं. घरी पेडल अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवणाऱ्याला दोन रेझिस्टर पुरेत, असं माझं मत आहे.

आता माझा आवडता विषय, रिटर्न जॅकमधली पत्ती. लूपमध्ये काहीच लावलं नसेल तेव्हा सेंडचा सिग्नल आपोआप रिटर्नकडे जावा म्हणून त्या जॅकमध्ये एक पातळ पत्ती असते. प्लग आत गेला की ती बाजूला सरते, काढला की परत टेकते. आपला सगळा आवाज त्या टाचणीच्या टोकाएवढ्या सांध्यातून जातो, आणि तो वर्षानुवर्षं हवेला उघडा असतो. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे झाले की पत्तीवर काळपट थर चढतो. मग आवाज बारीक होतो, मधूनच खरखरतो, पेटीवर थाप मारली की परत येतो. माझ्या एका मित्राला अशा वेळी दुकानदाराने सगळे व्हॉल्व्ह बदलायला लावले. हजारोंचा खर्च झाला आणि खरखर होती तिथेच. छोटी पॅच केबल घेऊन सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज ताबडतोब सुधारला तर दोष पत्तीचा आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून प्लग दहा-वीस वेळा आत-बाहेर करा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. नव्याने बांधताना मी पत्तीवर भिस्त ठेवतच नाही. सेंड-रिटर्न जोडणारा एक साधा टॉगल स्विच लावतो.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत जॅक घेताना प्लॅस्टिक बॉडीचे मागा. धातूचा जॅक चासीला टेकून दुसऱ्या ठिकाणी अर्थ होतो आणि स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते. भोकं पाडण्याआधी भिंतीतला प्लग काढा, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, आणि मीटरने खरंच शून्य आहे ना ते पाहा.

मास्टर व्हॉल्यूम नसलेला, चॅम्पसारखा एका नॉबचा अ‍ॅम्प ज्यांनी बांधला आहे, त्यांनी यातलं काहीच करू नये. तिथे सूर बराचसा पॉवर व्हॉल्व्हमध्ये फाटतो, म्हणजे लूपच्याही नंतर. डिले कुठेही लावला तरी गिचमिडाच होणार.

बाकीच्यांनी रेझिस्टर विकत घेण्याआधी एक मोजमाप करावं. फोनवरून ४०० हर्ट्‌झचा सूर इनपुटला द्या, १०० मिलिव्होल्टच्या आसपास. साधे मल्टिमीटर याहून वरच्या सुराला चुकीचं दाखवतात. मास्टर शून्यावर ठेवा, स्पीकर मात्र जोडलेलाच हवा, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. टोन कंट्रोलनंतर किती एसी व्होल्ट दिसतात ते लिहून घ्या. दहाहून कमी असतील तर ४७० च्या जागी २२० किलो-ओहम चालेल. प्रश्न पाठवताना तो आकडा आणि व्हॉल्व्हचा नंबर जरूर लिहा. त्याशिवाय नेमकं उत्तर देता येत नाही.