टिंब, अपूर्णविराम आणि वीस वर्षं

सप्टेंबर २००७ मध्ये जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची १.२ ही आवृत्ती आली. तिच्यात एक बारीकशी सोय होती. नुसत्या 'क्लिक'ऐवजी 'क्लिक.मेनू' असं नाव देऊन लिसनर बांधता येऊ लागला. टिंबापुढचा शब्द ब्राउझरपर्यंत पोचतच नसे. तो जेक्वेरीच्या स्वतःच्या यादीत राहायचा. पुढे 'अनबाइंड'ला फक्त '.मेनू' सांगितलं की मेनूने बांधलेले सगळे लिसनर सुटायचे आणि बाकीच्यांना धक्का लागायचा नाही.

ही सोय का लागली, हे त्या वेळची पानं ज्यांनी सांभाळली त्यांना वेगळं सांगायला नको. ब्राउझरचा 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर' २००० सालच्या डॉम लेव्हल २ मानकात आला होता, पण बांधलेला लिसनर काढायचा तर तेच फंक्शन पुन्हा हातात असावं लागे. जागच्या जागी लिहिलेलं निनावी फंक्शन काढणार कसं? जेक्वेरीत एका फटक्यात 'रीसाइझ'चे सगळे लिसनर काढता येत, पण त्यात शेजारच्या प्लगइनचेही जात. एका पानावर पाच जणांचे पाच प्लगइन असण्याचे ते दिवस होते. टिंबाने हे भांडण मिटवलं. मात्र अनेकांना वाटलं तशी ही नावांची उतरंड नव्हती. 'क्लिक.मेनू.मुख्य' लिहिलं तर 'मेनू' आणि 'मुख्य' या शेजारीशेजारी लावलेल्या दोन चिठ्ठ्या. कोणतीही एक सांगितली तरी लिसनर सुटायचा.

२००७ च्याच नोव्हेंबरात प्रोटोटाइप या दुसऱ्या लायब्ररीचं १.६ आलं आणि त्याने दुसरंच टोक धरलं. त्यात स्वतःचे इव्हेंट 'फायर' करता येत, पण नावात अपूर्णविराम असलाच पाहिजे अशी सक्ती होती. 'कार्ट:बदलली' चालेल, नुसतं 'बदलली' नाही. उद्या ब्राउझरने त्याच नावाचा इव्हेंट आणला तर गोंधळ नको, हा हेतू. गावात चार संजय झाले की आडनाव लागतं, तसंच हे.

म्हणजे एकाच वर्षात दोन खुणा आल्या आणि त्यांची कामं वेगळी होती. टिंब सांगायचं, ऐकणारा कोण. अपूर्णविराम सांगायचा, बोलणारा कोण. पुढच्या काळात या दोन्हींना सरसकट 'नेमस्पेस' म्हटलं गेलं आणि पुष्कळ घोळ तिथूनच सुरू झाला.

२००९ मध्ये निकोलस झाकस यांनी मोठ्या जावास्क्रिप्ट अ‍ॅप्लिकेशनच्या रचनेवर दिलेलं व्याख्यान बरंच गाजलं. मोड्यूलांनी एकमेकांना ओळखू नये, मध्यस्थामार्फत बोलावं, असा त्याचा गाभा. त्याच वर्षी नोड आलं आणि त्यातल्या 'इव्हेंटएमिटर'मुळे इव्हेंटला ब्राउझरची गरज उरली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या बॅकबोनने तर कोणत्याही ऑब्जेक्टला 'ऑन' आणि 'ट्रिगर' देऊन टाकलं. मॉडेलचं शीर्षक बदललं की आधी 'चेंज:टायटल' आणि मग 'चेंज' असे इव्हेंट निघत. गंमत म्हणजे बॅकबोनला त्या अपूर्णविरामाचा अर्थ कळत नव्हता. त्याच्या लेखी तो स्ट्रिंगमधला एक अक्षरतुकडा. नेमस्पेस होती ती लिहिणाऱ्यांच्या समजुतीत. इव्हेंटएमिटर२ या लायब्ररीने मात्र नाव तोडून वाचलं आणि 'युजर.*' असा तारा टाकून 'युजर'खालच्या पातळीवरचे सगळे इव्हेंट ऐकण्याची सोय दिली.

याच काळात 'झॉम्बी व्ह्यू' हा शब्द रूढ झाला. व्ह्यू पानावरून काढला, तरी मॉडेलच्या यादीत त्याचा कॉलबॅक असायचाच. त्यामुळे मेमरी मोकळी होत नसे आणि मेलेला व्ह्यू इव्हेंटला उत्तर देत राही. एकदा 'सेव्ह' दाबलं की सर्व्हरला तीन विनंत्या. नोडने एका इव्हेंटवर दहाच्या वर लिसनर झाले की मेमरी लीकचा इशारा द्यायची पद्धत ठेवली, पण तो इशाराच, इलाज नव्हे. इलाज डिसेंबर २०१२ मध्ये बॅकबोन ०.९.९ मधल्या 'लिसनटू'ने केला. कोणाकोणाचं ऐकतो आहे याची नोंद ऐकणाऱ्याकडेच राहू लागली आणि व्ह्यू काढताना ती सगळी नाती सुटू लागली. टिंबाचं काम नावातून बाहेर पडलं, ते इथे.

जानेवारी २०१३ मधलं ट्विटरचं फ्लाइट हा या विचाराचा कळस. तिथे एका कंपोनंटला दुसऱ्याचा संदर्भ मिळतच नसे. बोलायचं ते इव्हेंटनेच. पडद्यावरच्या घडामोडींची नावं 'यूआय'ने सुरू करायची आणि माहितीशी संबंधित 'डेटा'ने, हा त्यांच्या नमुना अ‍ॅपमधला पायंडा.

आणि मग तक्रारी वाढल्या. कंपोनंट सुटे झाले खरे, पण कोण कोणामुळे हललं हे दिसेना. नावात एक अक्षर चुकलं तर कोणी ओरडत नसे. नोडमध्ये ऐकणारा नसेल तर 'एमिट' मुकाट 'फॉल्स' परत देतो आणि ते कोणी तपासत नाही. 'युजर:' ला पुढे व्हेरिएबल जोडून नाव बनवलं असेल, तर कोडमध्ये शोधूनही सापडत नाही. एका लिसनरने दुसरा इव्हेंट सोडायचा, दुसऱ्याने तिसरा; कोण आधी चालणार हे कोण आधी नोंदला गेला यावर. नेमस्पेसने नावांची टक्कर टाळली होती. प्रवाह दाखवणं तिचं काम कधीच नव्हतं.

फेसबुकने २०१४ मध्ये फ्लक्स मांडलं आणि २०१५ मध्ये रिडक्स आलं. तिथे 'टूडूज/अ‍ॅड' अशी नावं दिसतात, म्हणजे नेमस्पेस टिकली. पण कोणीही कुठूनही ऐकून आपापली स्थिती बदलावी ही मुभा गेली. सगळ्या अ‍ॅक्शन रिडक्सच्या एकाच स्टोअरमधून जाऊ लागल्या, म्हणून त्यांचा क्रम वाचता आला. व्ह्यू (Vue) या फ्रेमवर्कनेही २०१६ च्या २.० मध्ये '$डिस्पॅच' आणि '$ब्रॉडकास्ट' काढले, तर सप्टेंबर २०२० च्या तिसऱ्या आवृत्तीत '$ऑन' आणि '$ऑफ'. इव्हेंट बस हवीच असेल तर मिटसारखी चिमुकली लायब्ररी घ्या, असं सांगितलं.

उरलेलं काम भाषेने आणि ब्राउझरने उचललं. नोव्हेंबर २०२० च्या टाइपस्क्रिप्ट ४.१ मध्ये टेम्प्लेट लिटरल टाइप आले आणि तुकडे जोडून बनवलेलं इव्हेंटचं नावही कंपायलर तपासू लागला. 'अ‍ॅडइव्हेंटलिसनर'ला 'सिग्नल' देण्याची सोय २०२१ पासून ब्राउझरांत आली. एक 'अबॉर्ट' केलं की त्या सिग्नलवरचे सगळे लिसनर सुटतात. २००७ मधल्या टिंबाचंच हे काम, फक्त आता लायब्ररीशिवाय.

मग नावातल्या खुणेला आज काय उरलं? माझ्या मते सीमेवरचं काम. एकाच टीमच्या, एकत्र बिल्ड होणाऱ्या कंपोनंटमध्ये सरळ फंक्शन बोलवावं किंवा प्रॉप द्यावा. तिथे इव्हेंट बस म्हणजे स्वतःपासूनच लपवाछपवी. पण वेगवेगळ्या टीमचे, स्वतंत्रपणे डिप्लॉय होणारे भाग एका पानावर नांदतात, तिथे 'चेकआउट:पूर्ण' सारखं, मालक सांगणारं नाव अजून उपयोगी आहे. ते नाव हा दोन टीममधला करार असतो. त्याच्यासोबत काय माहिती येणार, हे एका फाइलमध्ये टाइपसकट लिहिलेलं असावं आणि त्यात बदल करायचा तर आधी कळवून करावा. एवढं पाळलं तर खूण टिंबाची असो की अपूर्णविरामाची, फरक पडत नाही.